किरकोळ म्हणून बंद

मयूर विहार, दिल्ली
९ फेब्रुवारी २०२५

नरसिंह,

'प्रिय' लिहायचं राहून गेलेलं नाही. मीच लिहिलेलं नाही.

तुझा पत्ता मीनाक्षीकाकूंनी दिला. आईवर चिडू नकोस. मी पुण्याला फोन केला तेव्हा त्यांनी आधी सुयशची चौकशी केली, मग अनुष्काची शाळा, मग दिल्लीची हवा, आणि शेवटी म्हणाल्या, "तो मेल उघडतच नाही गं. कागदावर लिही. कागद आला तर वाचतो." तू कॉम्प्युटरचं काम सोडलंस आणि तिकडे होबार्टला लाकडी बोटी दुरुस्त करायला शिकतोयस, हेही त्यांनीच सांगितलं. त्यांच्या आवाजात काळजी नव्हती, कौतुक होतं. तुला ते बोलून दाखवलं नसेल, म्हणून मी कळवते.

पण हे ख्यालीखुशालीचं पत्र नाही. मी 'निवळ'बद्दल लिहितेय.

गुडगावच्या ऑफिसात सुट्टीच्या दिवशी, एसी बंद, पाठीला शर्ट चिकटलेले, असं आपण दोघांनी ते लिहिलं. देवनागरी मजकूर साफ करणारं एवढंसं पॅकेज. दोनदा पडलेली वेलांटी काढायची, जास्तीच्या मोकळ्या जागा काढायच्या, डोळ्यांना न दिसणारी चिन्हं काढायची. फुकट, ज्याला हवं त्याने घ्यावं. लोकांनी घेतलंही. आज कुठल्या कुठल्या पोर्टलांच्या पोटात ते बसलंय, तुला कल्पना नसेल. किल्ली मात्र तुझ्या एकट्याकडे. नवी आवृत्ती फक्त तू काढू शकतोस आणि तिकडे गेल्यापासून तू एकही काढलेली नाहीस.

त्या न दिसणाऱ्या चिन्हांपैकी एकाच्या आधारावर आपला आडवा अर्धा र उभा असतो, निदान जुन्या पद्धतीने टाइप केलेल्या मजकुरात तरी. 'निवळ' त्याला कचरा समजून फेकून देतं आणि र उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. 'दऱ्या'चं 'दर्या' होतं, म्हणजे डोंगरात समुद्र येतो. 'आचाऱ्याला बोलवा' म्हटलं की स्वयंपाक्याऐवजी गुरुजी दारात. हे मी तुला रीतसर, सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी दाखवलं होतं. तू त्यावर 'किरकोळ' असा शेरा मारलास. खाली लिहिलंस की यंत्र बंद पडत नाही, कुणी आत घुसत नाही, डेटा उडत नाही, फक्त दिसण्यापुरता फरक आहे. मी वाद घातला. तू चर्चा बंद केलीस, आणि त्याच दिवसापासून माझ्याशी बोलणंही.

बरं, हे आज का उकरून काढतेय ते सांगते.

गेल्या रविवारी अनुष्काला साबुदाणा वडा हवा होता म्हणून कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या गेस्ट हाउसच्या कँटीनमध्ये गेलो. शेजारच्या टेबलावर एक मुलगी फोनवर बोलत होती. "नहीं सर, कुऱ्हाडे. र आधा है. ऊपर नहीं सर, बीच में… सर, मेरा ही नाम है, मुझे नहीं पता होगा तो किसको पता होगा?" पलीकडून फोन कापला. तिने तो टेबलावर पालथा ठेवला आणि गार झालेला वडा खायला लागली.

मी विचारलं, "काय झालं गं?"

"ताई, तुम्ही मराठी? मग तुम्हीच बघा. यात माझं काय चुकलंय?"

तिचं नाव अक्षया कुऱ्हाडे. भूमची. राजिंदर नगरला तिघींत एक खोली घेऊन परीक्षांचा अभ्यास करते. एका मोठ्या नोकरभरतीचा तिने अर्ज भरला (कुठल्या ते लिहीत नाही, तिनेच नको म्हटलंय). अर्जात कुऱ्हाडे, प्रमाणपत्रात कुऱ्हाडे, आणि पोर्टलचं उत्तर: नाव जुळत नाही, अर्ज नामंजूर. खाली प्रमाणपत्रावरून त्यांनी वाचलेलं नाव छापलं होतं. 'कुर्हाडे'.

तो रफार मी बघताक्षणी ओळखला, नरसिंह. जगात दुसरं कुणीही तो तसा बसवत नाही.

पुढच्या वर्षी तिचं वय त्या परीक्षेच्या अटीबाहेर जातं.

दुरुस्ती मी केव्हाच लिहून पाठवलेली आहे. तुझ्या दारात पडून आहे. एक तर ती आत घे, नाहीतर किल्ली माझ्याकडे दे. तिसरं काही मला ऐकायचं नाही.

रुचिरा


मयूर विहार
३० मार्च २०२५

नरसिंह,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलंय हे काकूंनी सांगितलं, तेव्हा टपालखात्यावर ढकलू नकोस.

मधल्या काळात मी त्या पोर्टलचं काम करणाऱ्या कंपनीत जाऊन आले. तिथल्या टीमचा प्रमुख धवल नावाचा एक मुलगा आहे, इंदूरचा. वागायला सभ्य. त्याने चहा मागवला, माझं सगळं ऐकून घेतलं, आणि मग लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "रुचिरा जी, मैं समझ रहा हूँ. पर ये देखिए, जिन्होंने पैकेज बनाया उन्होंने खुद इसे मामूली लिखा है. हमारे यहाँ मामूली मतलब अगले साल."

स्क्रीनवर तुझा शेरा होता. तुझ्या नावासकट.

मी म्हटलं, "अगले साल उस लड़की की उम्र निकल जाएगी."

तो अगदी मनापासून म्हणाला, "वैसे हिंदी में तो ऐसा र होता ही नहीं ना?"

होत नाही. म्हणून तर दिल्लीत कुणाच्या डोळ्यांना ते खुपत नाही. धवलला वाटतं हा आमचा काहीतरी दागदागिन्यांसारखा हौसेचा र आहे. त्याचं मी समजू शकते, तो इंदूरचा आहे. तू तर सदाशिव पेठेत शिकलास!

तुझा तो एक शब्द आता किती जणांची ढाल झालाय ते तुला तिथे बसून दिसत नाही. पोर्टलवाला म्हणतो कंपनीला विचारा, कंपनी म्हणते पॅकेजवाल्याने मामूली म्हटलंय, आणि पॅकेजवाला बोटींना रंग लावतोय.

हेल्पलाइनने अक्षयाला उपाय सांगितला, तोही ऐक. "मैडम, आप ऊपर वाला र ही लिख दीजिए, कुर्हाडे, पास हो जाएगा." ती पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, "आत्ता होईल पास. उद्या कागदपत्रांच्या तपासणीला प्रमाणपत्र मागतील तेव्हा कुर्हाडे कोण म्हणून मलाच बाहेर काढतील." बरोबरच आहे तिचं.

मी तिला म्हटलं, आपण हे पेपरात देऊ, तुझ्या नावानिशी, फोटोसकट. तेव्हा ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच हेल्पलाइनवरून बोलतेय. "ताई, राग मानू नका. तुमचं आणि त्या सरांचं जे भांडण आहे त्यात माझं नाव घालू नका. मला भांडण जिंकायचं नाहीये, परीक्षा द्यायचीय." दुसऱ्या दिवशी ती सगळे कागद घेऊन भरतीच्या कार्यालयात जाऊन बसली. तिथे तिला उद्या या म्हणाले. ती उद्या गेली. परवाही गेली. अजून जातेय.

घरी सुयश म्हणतो, "जाऊ दे ना यार, तुला कोण पगार देतं याचा?" मी म्हटलं, पगार मिळत असता तर एव्हाना गप्प बसले असते.

तर आता मी काय केलं ते ऐक. सॉफ्टवेअरमधले दोष जाहीरपणे नोंदवायची जी जागा आहे, तिथे मी 'निवळ'चा दोष नोंदवला आहे. तीव्रता: गंभीर. अक्षयाचं नाव कुठेही नाही. दऱ्या, आचारी, सुऱ्या, तऱ्हा, कऱ्हाड, सगळी उदाहरणं दिली आहेत. मालक म्हणून तिथले लोक तुझं म्हणणं मागवतील. दे. निदान काहीतरी म्हण.

रुचिरा


मयूर विहार
१५ जून २०२५

नरसिंह,

म्हणालास एकदाचा! इतक्या वर्षांनी तू लॉगिन केलंस, आणि ते कशासाठी, तर माझ्या नोंदीखाली 'असहमत. किरकोळ.' एवढं लिहिण्यासाठी. मी ते मेट्रोत वाचलं, नोएडाला उतरायचं स्टेशन मागे टाकून पुढे गेले.

आणि मग तुझं पत्रही आलं. चार ओळींची अपेक्षा होती, तू चार पानं लिहिलीस. वाचलं. दोनदा वाचलं. तू लिहितोस:

"रुचिरा, ते पॅकेज देताना आपण दोघांनी वर स्पष्ट लिहिलं होतं की हे जसं आहे तसं घ्या, कसलीही हमी नाही. ज्यांनी फुकट घेतलं, त्यांनी तपासून घ्यायचं होतं. एका मुलीचं नाव बिघडलं ते त्या पोर्टलमुळे. मी 'गंभीर' लिहिलं की उद्या जगभरातल्या कंपन्या माझ्या डोक्यावर बसतील. बाबा हॉस्पिटलात होते तेव्हा काय झालं ते तू पाहिलंयस. मी परत त्या दारात उभा राहणार नाही. तू त्यांची बिनपगारी नोकर व्हायचं ठरवलं असशील तर खुशाल हो."

पाहिलंय. अशोककाका आयसीयूत होते आणि एका कंपनीचा माणूस तुला मेलवर मेल पाठवत होता की आमचं काम अडलंय, तुम्ही बेजबाबदार आहात. तू त्या कॉरिडॉरमध्ये जमिनीवर बसून लॅपटॉप उघडलास. मी तो तुझ्या हातातून काढून घेतला. त्या कंपनीला मी आजही माफ केलेलं नाही. तू दार लावून निघून गेलास त्याबद्दल मी तुला कधी एका शब्दाने बोलले का? नाही, आणि आजही बोलणार नाही. माणसाने थकावं, सोडावं, बोटी दुरुस्त कराव्यात. तो तुझा हक्क आहे.

पण सोडून जाणं वेगळं आणि जाताना दारावर 'आत सगळं ठीक आहे' अशी पाटी लावून जाणं वेगळं. 'मला वेळ नाही' लिहिलं असतंस तर लोकांनी दुसरी सोय बघितली असती. तू 'किरकोळ' लिहिलंस. दुरुस्ती कर असं मी म्हणतच नाहीये आता. तो शब्द खोटा आहे, तेवढं म्हणतेय.

आणि डेटा उडत नाही म्हणतोस? कुऱ्हाडेचं कुर्हाडे झालं की परत कुऱ्हाडे करता येत नाही, कारण मुळात काय होतं ते पुसलं गेलेलं असतं. याला डेटा उडणं म्हणत नाहीत तर काय म्हणतात? सर्व्हर कोसळला की तुम्ही सगळे धावता, कारण त्याचा भोंगा वाजतो. नाव मोडलं की भोंगा वाजत नाही. ज्याचं मोडतं तो एकटाच कार्यालयाच्या बाकावर जाऊन बसतो.

अक्षयाला हॉल तिकीट मिळालं. तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळेही नाही. ती रोज जाऊन बसत होती. शेवटी तिथल्या एका वरिष्ठ बाईंनी तिला आत बोलावलं, दोन्ही कागद खिडकीच्या उजेडात धरले आणि म्हणाल्या, "अरे, दोनों में तो एक ही नाम है." हेच ती पहिल्या दिवसापासून सांगत होती. त्यांनी हाताने नाव लिहून सही केली. परीक्षेचं केंद्र कुठलं आलं असेल? पानिपत. तिने आईला फोन करून सांगितलं तर आई म्हणाली, "अगं बाई, दुसरं गाव नव्हतं का त्यांच्याकडे?" आम्ही दोघी खूप हसलो. मी तिला गाडीने सोडायला गेले. वाटेत ती गणिताची सूत्रं पुटपुटत होती आणि मी तुझ्यावर चिडत होते. हायवे चांगला आहे.

ती एकटी त्या बाईंच्या खोलीपर्यंत पोचली. त्याच पोर्टलवर गोऱ्हे आहेत, बऱ्हाटे आहेत, खऱ्हाटे असतील. सगळ्यांना राजिंदर नगरहून रोज बस पकडून कार्यालयात बसता येत नाही.

म्हणून ठरवलंय. तुझी किल्ली नको. आपलाच कोड उचलून मी नवीन नावाने वेगळं पॅकेज काढतेय. परवाना तशी मुभा देतो, तोही आपण दोघांनीच निवडला होता. नाव 'तंतोतंत'. लिहिणाऱ्यांत तुझं नाव पहिलं ठेवलंय, कारण ते खरं आहे. सांभाळणारी म्हणून माझं एकटीचं. बिनपगारी नोकर म्हण, काय हवं ते म्हण.

रुचिरा


मयूर विहार
२३ नोव्हेंबर २०२५

नरसिंह,

हवा इतकी वाईट आहे की अनुष्काची शाळा बंद आहे. ती माझ्या शेजारी बसून मराठीचं पुस्तक वाचतेय. मघाशी विचारलं, "आई, दऱ्या मतलब?" मी सांगितलं. पटलं नाही तिला. दिल्लीत दऱ्या कुठून दाखवू?

बातम्या एकेक करून सांगते.

'तंतोतंत' निघालं. सुरुवातीला कुणी फिरकलं नाही. लोक जुनं वापरतात, चालतंय तोवर कोण हात लावतो. त्या नोंदीवर दोन महिने काथ्याकूट झाला. एकाने मला 'भावनिक' म्हटलं. एकाने विचारलं की हा दोष आहे की भाषिक अस्मिता. मी प्रत्येकाला उत्तर दिलं. शेवटी नोंदी तपासणाऱ्यांनी तुझं म्हणणं बाजूला ठेवलं आणि 'गंभीर' कायम केलं. दुसऱ्याच आठवड्यात धवलचा फोन. "रुचिरा जी, अब तो लगाना ही पड़ेगा." लावलं त्यांनी. नामंजूर झालेले अर्ज पुन्हा तपासले. किती निघाले ते त्याने सांगितलं नाही, पण आवाज उतरलेला होता. फोन ठेवताना म्हणाला, "सॉरी, मैंने उस दिन र वाली बात बोली." मी म्हटलं, चलो, आता बोलताना अडखळतोस तरी.

अक्षया नापास झाली. मला वाटलं ती रडेल. तीच मला म्हणाली, "ताई, गणितात गेले. निदान कशात गेले ते तरी कळलं." ती स्वतःच्या अभ्यासाने, स्वतःच्या पूर्ण नावाने नापास झाली. राज्याच्या परीक्षेला अजून वय आहे तिचं. त्या अर्जात तिने नाव भरलं, ते एकदा मोठ्याने वाचलं आणि मग बटण दाबलं, असं सांगत होती.

आणि तुझी किल्ली आली. सोबत चिठ्ठी: "घे. तू अजूनही चूक आहेस." इतकी वर्षं मागत होते तेव्हा दिली नाहीस, नको म्हटल्यावर पाठवलीस. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "लहानपणी खेळणीही अशीच द्यायचा."

ती मी एकदाच वापरली. 'निवळ'च्या पानावर वर लिहिलं की हे आता कुणी सांभाळत नाही, कृपया 'तंतोतंत' घ्या. मग खाली जाऊन 'किरकोळ' काढलं आणि 'गंभीर' लिहिलं. तुझी बाजू पुसली नाही. तुझं 'असहमत' जिथल्या तिथे आहे, वाचू देत लोकांना. नंतर किल्ली रद्द केली. आता 'निवळ' ना तुझं, ना माझं.

शेवटची बातमी तुला आवडेल, म्हणूनच ती न सांगायचा मोह झाला होता.

कालिम्पोंगहून एका शिक्षकांची तक्रार आली. तिथल्या शाळेत नेपाळी शिकवतात. त्यांच्याकडेही आपल्यासारखा आडवा अर्धा र आहे. 'केलं'ला ते 'गऱ्यो' म्हणतात, म्हणजे तो जवळपास प्रत्येक वाक्यात येतो. मी दुरुस्ती करताना त्या न दिसणाऱ्या चिन्हाच्या जागी आपलं मराठीचं वेगळं अक्षर बसवलं. दिसायला हुबेहूब. पण त्यांच्या वर्णमालेत ते अक्षरच नाही. त्यांच्या मुलांनी जमवलेल्या शब्दकोशात आता तो र असलेलं कुठलंही क्रियापद शोधलं तर सापडत नाही. त्यांनी फार नम्रपणे लिहिलंय, "आपने हमारा र मराठी कर दिया."

दिवस ऑफिसचा होता, डोकं दुखत होतं. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? दिसायला तर सारखंच आहे. माझं बोट 'किरकोळ'वर गेलं होतं.

तू हसतोयस, मला इथून दिसतंय. म्हणत असशील, बघ, आता कळलं? नाही नरसिंह. ते बोट कसं जातं हे मला आधीही माहीत होतं. थकलेल्या माणसाचं बोट तिथेच जातं. मी ते उचललं आणि 'गंभीर'वर ठेवलं. तू थकला होतास म्हणून बरोबर ठरत नाहीस, आणि मीही थकले म्हणून सुटणार नाही.

त्या गुरुजींना विचारलं, माझ्या दुरुस्तीने तुमचं आणखी काय काय मोडलंय ते सगळं कळवा. त्यांचं उत्तर आत्ताच आलंय, चांगलं लांबलचक. वाचायला बसतेय.

रुचिरा